पाच नंबरची लाईन

माधवनगरला, रेल्वे फाटकाच्या अलीकडं,
अक्काताई मगदूमांच्या घरी गेलो तेव्हा
टेबलावर सीपीयू होता, कीबोर्ड होता,
दोन स्पीकर, त्यांवर विणलेले रुमाल,
आणि मॉनिटरच नव्हता.

“मॉनिटर?”
“भाच्याला दिला. बारा वर्षं झाली.
मला काय करायचाय, सांग.”

डोळ्यांना जन्मापासून दिसत नाही, हे फोनवर
सांगायचं राहून गेलं असेल, किंवा
त्यांना ते सांगण्यासारखं वाटलं नसेल.
“कॉम्प्युटर मुका झालाय,” एवढंच म्हणाल्या होत्या.

मग मी परत विश्रामबागला. दुकानातला जुना,
पोट सुटलेला मॉनिटर स्कूटरवर
पायांत धरून आणला.
जोडला. पडद्यावर सगळं जागच्या जागी.
“चालू आहे की,” मी म्हणालो.
“तुझ्यासाठी,” त्या म्हणाल्या.

हिरवा जॅक काढला, घातला.
आवाजाची पट्टी वरपर्यंत. म्यूटची खूण नाही.
कार्ड उपसलं, त्याचे सोनेरी दात
खोडरबरानं घासले, दाबून बसवलं, स्क्रू.
काही नाही.
ड्रायव्हरची सीडी त्यांनी तिसऱ्या खणातून,
डावीकडून सातवी, न चाचपता काढून दिली.
टाकला ड्रायव्हर. बंद, चालू.
काही नाही.

नवीन घ्या, म्हणायच्या बेतात होतो.
“थांब.” स्पीकरला कान लावला त्यांनी.
“हवा येतीय. म्हणजे तार शाबूत आहे.
माणूस पलीकडं आहे, बोलत नाही नुसता.
आणि त्या पंख्याला तेल घाल, तौफिक. रडतोय कधीचा.”

मला ना हवा ऐकू आली, ना रडणं.

कोपऱ्यातलं घड्याळ बघितलं. एक जानेवारी,
आणि साल असं, की मी तेव्हा बालवाडीत.
म्हणजे बोर्डावरचा सेल गेला.
सेल गेला की मशीन विसरतं
कुणाला कुठली जागा दिली होती,
आणि पुन्हा वाटप करतं, घाईघाईत.
यादी उघडली. साउंड कार्डाच्या कपाळावर
पिवळं उद्गारचिन्ह.
पाच नंबर त्याला दिलाय,
आणि पाच नंबर मोडेमलाही.

हे कसं सांगावं, शब्द शोधत होतो, तर त्याच म्हणाल्या,
“दोघं एका लाईनवर आलेत का रे?”

एकतीस वर्षं सूतगिरणीच्या टेलिफोन बोर्डावर.
मॅनेजर पुण्याशी बोलत असायचा
आणि मधेच कुणी मुकादम, “हॅलो, कांड्या कुठायत?”
“एकाला उपटायचं,” त्या म्हणाल्या,
“कुणाला, ते कळायला पाहिजे.”

मोडेमची वायर भिंतीपर्यंत जात होती.
भिंतीपलीकडं काही नव्हतं. फोन कधीच परत केलेला.
तरी सेल गेला त्या दिवशी
हाच रांगेत पुढं घुसला असणार,
पाच नंबर मागून घेतला असणार,
कुणी रिंग देईल म्हणून.

“काढू?”
त्यांनी हात आत घातला, स्लॉट मोजले,
कार्डाच्या कडेवर अंगठा ठेवून थांबल्या जरा.
“काढ. फेकू नको पण.”

नवा सेल, पस्तीस रुपये. पंख्याला शिलाई मशीनचं तेल.
बटण दाबलं.
आधी खरखर, मग तो परदेशी बुवा,
नाकात बोलणारा, शब्दाशब्दाला ठेच लागणारा:
“वेलकम, अकाटाय मागाडूम.”

“आला गाढव,” त्या म्हणाल्या,
आणि इतका वेळ धरलेली
खुर्चीची कड सोडली.

मॉनिटर ठेवून जाऊ का, विचारलं,
पुढच्या वेळी लागेल.
“नको. जागा अडते.”

परतताना फाटक लागलेलं. स्कूटर बंद केली नाही,
पायांत मॉनिटर, खिशात मोडेम.
मिरजेकडून मालगाडी येईपर्यंत
पहिल्यांदाच ऐकू आलं,
मागच्या चाकात काहीतरी घासतंय.
किती दिवस झाले, कोण जाणे.